'फारकत' व्हायला आधी लग्न लागावं लागतं का?

खाडीपलीकडची
मदत हवी आहे, आणि जरा लवकर. आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत २६ नोव्हेंबरला, संविधान दिनानिमित्त, चारपानी पुस्तिका काढतोय. एका इंग्रजी लेखाचा अनुवाद माझ्या गळ्यात पडलाय. धर्म आणि सरकार, धर्म आणि कायदा वेगळे ठेवावेत की नाही, असा विषय. मी मथळा दिला, 'धर्म आणि राज्यसंस्था यांची फारकत'. सासूबाईंनी वाचला आणि म्हणाल्या, "अगं, फारकत नवराबायकोची होते. या दोघांचं लग्न कधी लागलं होतं?" मी म्हटलं, लाक्षणिक आहे. तर म्हणे, "मग काडीमोड लिही, निदान आपला शब्द आहे." घरात दोन तट पडलेत. फारकत चालेल ना?

निवृत्त नाझर, नौपाडा
सासूबाईंना नमस्कार सांगा, पण त्या अर्ध्याच बरोबर. आमची हयात कोर्टनाक्यावर कागद चाळण्यात गेली. जुना शब्द 'फारखत', ख घालून. फारिग म्हणजे मोकळा, खत म्हणजे कागद. खरेदीखत, गहाणखत, तसंच फारखत. देणं फिटलं की सावकार लिहून द्यायचा, आता माझा तुझ्यावर दावा उरला नाही. नवराबायको त्यात नंतर शिरले. त्या अर्थानं तुमचा मथळा चोख आहे. धर्माचा सरकारवर दावा नाही, सरकारचा धर्मावर नाही, हिशेब मिटला.

मराठी शुद्ध हवी
म्हणजे फारसीच ना? राज्यव्यवहारकोश शिवाजी महाराजांनी करून घेतला तो कशासाठी? 'विलगता' लिहा. शिवाय मला वाटतं फारकत हा 'फरक'वरून आला असावा.

पारसिकचा बोगदा
विलगता म्हटलं की मला २०२० आठवतं. धर्माला चौदा दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचं आहे का?

निवृत्त नाझर, नौपाडा
फरकवरून असता तर जुन्या लेखनातला ख कुठून आला, ते सांगा. आणि फारसी काढायची तर 'सरकार' फारसी, 'कायदा' अरबी, 'धर्म' तेवढा संस्कृत. व्युत्पत्तीनं तिघांना आधीच वेगळ्या घरांत ठेवलंय, आपण कशाला भांडतोय!

घणसोलीचा
आमचे गावान दोन भाव येगले झाले तरी 'फारकत झाली' असाच बोलतान. लग्नाचा काय संबंध? आजी तर म्हातारपणी देवाशी पण फारकत घेऊन बसली होती, उपास बंद, कारण डॉक्टर.

संध्या रंग
मला काडीमोडच आवडतो. गवताची काडी मोडली, संपलं. 'घटस्फोट' मात्र चुकूनही लिहू नका. त्याचं मूळ माहीत आहे का? पतित ठरवलेल्या माणसाला जातीबाहेर काढायचा तो विधी. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात दासीनं पाण्यानं भरलेला घडा पायानं लाथाडायचा असं वर्णन आहे, आणि तो माणूस नातलगांना मेला. धर्म आणि राज्य वेगळं करायला धर्मानंच दिलेला बहिष्काराचा शब्द वापरायचा, म्हणजे कमालच!

निवृत्त नाझर, नौपाडा
संध्याताई, हे उत्तम काढलंत. आणि गंमत बघा, त्याच बहिष्कारावर आपल्याकडे कायदा किती वेळा अडखळला. १९४९ मध्ये मुंबई राज्यानं बहिष्कृत करण्यालाच बंदी घातली. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दाऊदी बोहरा समाजाच्या खटल्यात तो कायदा रद्द ठरवला, धर्मसंस्थेचा स्वतःचा कारभार चालवण्याचा हक्क म्हणून. मग २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आला, तो जातपंचायतींच्या वाळीत टाकण्याविरुद्ध. आता सांगा, इथं सरकारनं धर्मापासून लांब राहायला हवं होतं की मध्ये पडायला?

मराठी शुद्ध हवी
विषयांतर होतंय. मूळ गोंधळ 'धर्मनिरपेक्ष' या शब्दानं घातला. धर्म म्हणजे कर्तव्य. शेजारधर्म, राजधर्म, गुणधर्म. धर्मनिरपेक्ष सरकार म्हणजे कर्तव्याचीही पर्वा नसलेलं सरकार. संविधानाच्या हिंदी उद्देशिकेत बघा, 'पंथनिरपेक्ष' आहे. ते बरोबर.

संध्या रंग
मराठीत पंथ म्हणजे काय हो? नाथपंथ, महानुभाव पंथ. पंथनिरपेक्ष म्हटलं की मला वाटतं, सरकार वारकरी आणि महानुभाव यांच्यात भेदभाव करत नाही, एवढंच. हिंदीचं माप मराठीला बसत नाही. त्यांच्याकडे 'सांप्रदायिक' म्हणजे वाईट, आपल्याकडे वारकरी संप्रदाय म्हटलं की हात जोडले जातात. आणि त्या 'वाईट'साठी आपण काय म्हणतो? 'जातीय दंगल'. हिंदू-मुसलमान भांडले तरी जातीय. त्यात जात कुठे आहे? पण कोणी अडत नाही, सगळ्यांना कळतं. बालभारतीच्या पुस्तकात पहिल्याच पानावर 'समाजवादी धर्मनिरपेक्ष लोकशाही गणराज्य' वाचून पोरं मोठी झाली, एकानंही त्याचा अर्थ 'कर्तव्यशून्य' असा घेतला नाही.

पारसिकचा बोगदा
आमच्या वर्गात कोणी अर्थच घेतला नाही, पाठ केलं.

कंसातला माणूस
तारखा तरी नीट घ्या. 'धर्मनिरपेक्ष', म्हणजे इंग्रजीतला 'सेक्युलर', हा शब्द उद्देशिकेत १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं आला. त्याआधी नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत के. टी. शहा यांनी पहिल्याच कलमात तो घालायची सूचना मांडली होती, आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. समाजाची आर्थिक-सामाजिक घडी कशी असावी हे पुढच्या लोकांनी ठरवावं, असं त्यांचं म्हणणं. १९७८ मध्ये 'सर्व धर्मांबद्दल समान आदर' अशी व्याख्या घालायचा प्रयत्न झाला, ती राज्यसभेत पडली. म्हणजे शब्द आहे, व्याख्या नाही. मराठीत नेमका कोणता शब्द असावा यावर आपण इथं दात-ओठ खातोय, आणि मूळ इंग्रजीचाच ठाव नाही.

घणसोलीचा
मग आपण 'निधर्मी' का नाय म्हनत?

मराठी शुद्ध हवी
शिवी म्हणून म्हणतोच.

संध्या रंग
'इहवादी' म्हणा की. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला 'काळ, युग' असा शब्द आहे, म्हणजे या जगातलं, इथलं. इहलोक-परलोकातला इह. फक्त इहवाद म्हटलं की लोकांना चार्वाक आणि तूप आठवतं. आणि हिंदीतला 'लौकिक' आणू नका, आपल्याकडे लौकिक म्हणजे नाव कमावणं.

खाडीपलीकडची
सगळं छान, पण माझा प्रश्न 'वेगळं ठेवणं' याबद्दल होता. धर्मनिरपेक्ष शब्द लेखात आहेच, त्याची अडचण नाही. अमेरिकेतल्या धर्म आणि सरकार यांमधल्या 'भिंती'चाही उल्लेख आहे, तिथले अध्यक्ष जेफरसन यांनी १८०२ मध्ये एका पत्रात वापरलेली उपमा. 'भिंत' घेऊ का?

पारसिकचा बोगदा
नवी मुंबईच्या सिडको वसाहतीत राहून भिंतीवर भरवसा? आमच्या शेजाऱ्याचा मिक्सर लागला की माझा चहा ढवळला जातो.

कंसातला माणूस
भिंत अमेरिकेची. फ्रान्सच्या १९०५ च्या कायद्याला फारकत शोभते, कारण तिथं खरंच संसार होता, पगारापाण्यासकट. पाद्र्यांना सरकारी तिजोरीतून मिळणारा पगार त्या कायद्यानं थांबला. आपल्याकडे? १९७३ च्या कायद्यानं पंढरपूरचं मंदिर सरकारनं नेमलेल्या समितीकडे. आषाढीला मुख्यमंत्री सपत्नीक महापूजा करतात. न्यासांवर धर्मादाय आयुक्त. सिडकोच्या नकाशात शाळा, दवाखान्यासारखे धार्मिक वापराचे भूखंड. फारकत लिहिलंत तर भारताबद्दल खोटं होईल.

निवृत्त नाझर, नौपाडा
लेख 'ठेवावेत की नाही' असं विचारतोय ना? मग आज काय आहे त्याच्याशी मथळ्याला काय देणंघेणं. पण तुमचं एक खरं. १९३० मध्ये काळाराम मंदिराचं दार सत्याग्रहींना उघडलं नाही. पुढे दारं उघडायला कायदे करावे लागले. संविधानाच्या पंचविसाव्या कलमातच, हिंदू सार्वजनिक मंदिरं सर्व वर्गांना खुली करायची मुभा सरकारला दिली आहे. सरकारनं 'आमची फारकत झालीय बुवा' म्हणून हात झटकले असते तर? मी स्वतः देवभोळा, दर सोमवारी कोपिनेश्वरला जातो. तरी मला वाटतं, सरकारनं पूजा करू नये पण कुलूप कोणी लावलं हे जरूर बघावं. या नात्याला मराठीत शब्द काय, ते मला सुचत नाही. 'अलिप्तता' जवळ जातो, पण अलिप्त माणूस दारही उघडत नाही.

मराठी शुद्ध हवी
'धर्मादाय' शब्दातही धर्म आहे, बघा. दान, पुण्य. भिकारी 'धरम कर माय' म्हणतो. म्हण आहे, 'धर्माची गाय आणि दात का गे नाय'. इथं धर्म म्हणजे फुकट. मग धर्मनिरपेक्ष म्हणजे फुकटाची अपेक्षा नसलेला!

घणसोलीचा
तसा नागरिक आमचे वॉर्डान एक पन नाय.

संध्या रंग
आणि 'धर्मकाटा'? तुर्भ्याला ट्रक वजनाला चढतो तो. तिथं धर्म म्हणजे कोणाचीही बाजू न घेणं. मला तर हाच अर्थ सरकारला लागू वाटतो. शुद्ध हवी यांच्या हिशेबानं धर्मनिरपेक्ष काटा म्हणजे मापात पाप.

मराठी शुद्ध हवी
धर्मकाटा हिंदी आहे. मराठीत वजनकाटा.

घणसोलीचा
तुर्भे नाक्यावर पाटी मराठीत आहे, 'धर्मकाटा'. मी रोज बघतो.

मराठी शुद्ध हवी
देवनागरीत असलं म्हणजे मराठी होत नाही.

खाडीपलीकडची
मंडळी, उद्या दुपारी चारला पानं छापखान्यात द्यायची आहेत. सासूबाईंनी आता स्वतःच मथळा सुचवलाय, 'देव देव्हाऱ्यात, सरकार मंत्रालयात'. मला तो लेखापेक्षा बरा वाटतोय. पण आत मजकुरात अकरा ठिकाणी फारकत आहे, तिथे काय करू?

पारसिकचा बोगदा
तुर्भ्याच्या पाटीचा फोटो टाका कोणीतरी. 'काटा'वर अनुस्वार आहे का बघायचंय.