हंगेरी: तीनशे वस्तीच्या गावाला स्वतःचा सरपंच? कसं काय चालतं हे?

भटका_बुडापेस्टी:
मंडळी, कामासाठी सहा महिने झाले बुडापेस्टला आलोय. गेल्या रविवारी बसने होल्लोकोला जाऊन आलो, शंभरेक किलोमीटर असेल. चेरहात टेकड्यांच्या कुशीत गाव, वर किल्ला, खाली पांढऱ्या भिंतींची आणि लाकडी ओसरीची घरं. वस्ती म्हणे जेमतेम तीनशे. आमच्याकडे एका सोसायटीत याहून जास्त माणसं राहतात राव! आणि तरी गावाचा स्वतंत्र कारभार, निवडून आलेला मेयर वगैरे. एवढ्याशा गावाला हे परवडतं कसं? आणि जुन्या गल्लीत मला पर्यटक सोडून कोणी दिसलंच नाही, लोक राहतात तरी कुठे?

पाप्रिकावाली:
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. तुम्ही कोशुत आणि पेटोफी या दोन गल्ल्यांत फिरलात, ते जुनं गाव. १९८७ला बुडापेस्टबरोबरच हे जागतिक वारसा यादीत गेलं. आता तिथल्या बऱ्याच घरांत संग्रहालयं, हस्तकलेची दुकानं नाहीतर पाहुण्यांच्या खोल्या. गावकरी बहुतेक अलीकडच्या नव्या घरांत राहतात, तिकडे कोण फोटो काढायला जातंय! आणि ती घरं दिसतात तेवढी जुनी नाहीत बरं का, १९०९च्या आगीत गाव जळालं होतं, पण लोकांनी जुन्याच आराखड्यावर परत बांधलं, फक्त गवताच्या छपराऐवजी कौलं घातली. हे पालोत्स, म्हणजे उत्तर हंगेरीतले लोक, त्यांची बोली पण वेगळी, माझ्या सासूबाई एकदा बोलायला लागल्या की नवऱ्याला मध्ये पडून मला सांगावं लागतं.

कागदी_घोडा:
कारभाराचं मी सांगतो. १९९०च्या कायद्याने प्रत्येक वस्तीला, कितीही लहान असो, स्वतःचं स्थानिक सरकार मिळालं. देशात अशा एकतीसशेच्या वर वस्त्या आहेत आणि साधारण तिसरा हिस्सा पाचशेच्या आतला. शंभरपर्यंत लोक असतील तर दोन सदस्य, हजारापर्यंत चार, वर पोल्गारमेश्टर म्हणजे सरपंच, तो थेट लोकांतून निवडून येतो. म्हणजे होल्लोकोला एक अधिक चार. मुदत आधी चार वर्षं होती, २०१४पासून पाच केली. मागची निवडणूक जून २०२४मध्ये युरोपियन संसदेबरोबरच झाली. लहान गावात सरपंच पूर्णवेळ असलाच पाहिजे असं नाही, मानधनावर, बाकी नोकरी सांभाळून करणारे खूप.
परवडायचं म्हणाल तर खरी मेख इथे आहे. कागदपत्रं बघणारा जो अधिकारी, येद्यझो, तो २०१३पासून दोन हजारांखालच्या गावांना स्वतंत्र ठेवता येत नाही, काही गावं मिळून एकच कार्यालय. आपल्याकडे एक ग्रामसेवक दोनतीन गावं सांभाळतो ना, तसंच समजा. त्याच वर्षी शाळा पण सरकारने स्वतःकडे घेतल्या. वरती सेचेन्यचा तालुका, त्याच्यावर नोग्राद जिल्हा. म्हणजे निवडणूक गावाची, पण नाड्या वर. आता गावाच्या हातात रस्ता, दिवे, स्मशानभूमी, असलं उरतं.

पाप्रिकावाली:
असलं उरतं म्हणून हिणवू नका हो. सासूबाईंच्या गावात (होल्लोको नाही, नोग्रादमधलंच दुसरं) फालुगोंडनोक आहे. एक माणूस आणि एक मिनीबस. सकाळी पोरांना शाळेत, मग म्हाताऱ्यांची औषधं, डॉक्टरकडे नेणं, दुपारी गरम जेवणाचे डबे. मागच्या थंडीत सासूबाईंची गोळी संपली, दुकान बंद, तो डबा देताना पुडी पण खिशातून काढून देऊन गेला, वर चहा घ्यायला थांबला. गाव विझत चाललंय हे खरंय, तरुण पोरं बुडापेस्टला नाहीतर ऑस्ट्रियाला. सरकारने २०१९ला लहान गावात घर घेणाऱ्यांना मदत सुरू केली, पण घरासाठी पैसे दिले म्हणून शेजारी कामधंदा उगवत नाही ना.

कागदी_घोडा:
बरोबर, मागे घेतो. आणि कोझमुंका राहिलं की! ते नारिंगी जॅकेट घालून गवत कापणारे दिसतात ना, ती यांची रोजगार हमी. काम ठरवणार सरपंच, म्हणून लहान गावात तोच मोठा मालक होऊन बसतो. त्याच्याविरुद्ध मत द्यायचं तर छातीच पाहिजे.

भटका_बुडापेस्टी:
अच्छा! बसस्टॉपजवळ दोन नारिंगी जॅकेटवाल्या काकू पानं गोळा करत होत्या, मला वाटलं एसटीवाल्यांसारखी इथल्या बस कंपनीची माणसं आहेत आणि परतीची वेळ त्यांनाच विचारली. पुढच्या वेळी नव्या वस्तीत पण चक्कर मारतो. ताई, पालोत्स भाषेत चहाला काय म्हणतात?

पाप्रिकावाली:
चहाला चहाच. तेओ. पण ते आधी पालिंका, म्हणजे इथली फळांची दारू, पुढे करतील, तयारीत जा.