सुपरमॅनला सगळं ऐकू येतं, मग तो ऑफिसात बसतो कसा?

चिंचगूळ
रविवारी नेट गेलेलं म्हणून हार्डडिस्कवर पडलेला १९७८ चा सुपरमॅन परत बघितला, क्रिस्टोफर रीव्हवाला. लहानपणी शेवटाला टाळ्या वाजवलेल्या, यावेळी डोकंच फिरलं. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी, लेक्स लुथर दोन मिसाईल सोडतो, एक न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकवर आणि एक कॅलिफोर्नियात सॅन अँड्रियास फॉल्टवर. लुथरचीच मैत्रीण सुपरमॅनला सोडवते पण आधी शब्द घेते की पहिलं हॅकेनसॅकचं अडव, कारण तिची आई तिथे राहते. हा शब्द पाळतो, दुसरं मिसाईल पडतं, भूकंप होतो. मग तुटलेल्या रुळाच्या जागी स्वतः आडवा होऊन ट्रेन अंगावरून जाऊ देतो, पुलावरची शाळेची बस सावरतो, धरण फुटतं तिथे खडक ढकलून पाणी अडवतो, आणि या सगळ्या गडबडीत तिकडे त्याचा जीव जडलेली लोईस गाडीसकट मातीखाली जाते. मग हा ओरडत वर जातो आणि पृथ्वीभोवती गरगर फिरून काळच मागे नेतो. जन्मदात्या बापाने बजावलेलं असतं की माणसांच्या इतिहासात ढवळाढवळ करायची नाही, ते धाब्यावर.

आता माझा प्रश्न. काळ मागे नेता येतो हे एकदा कळल्यावर त्या दिवसानंतर जगात जो कोणी मेला त्याचं काय? लोईससाठी फिरलास, बाकीच्यांसाठी का नाही? आणि काळाचं सोडा, हा माणूस मैलोन् मैल लांबच्या किंकाळ्या ऐकू शकतो आणि क्लार्क केंट या नावाने दिवसभर डेली प्लॅनेट पेपरच्या ऑफिसात टाईप करत बसतो. त्या वेळात जे मेले ते त्याच्या खात्यावर का धरू नयेत? आपल्याला ऐकू येत नाही म्हणून आपण सुटतो, त्याला ऐकू येतं. सिरियसली विचारतोय, "पिक्चर आहे सोडून दे" म्हणायला घरचे आहेत.

टिवल्याबावल्या
पिक्चर आहे, सोडून दे.

(दिवा घ्या)

मिरजमेल
टिवल्या, तू गंमत केलीस पण अर्धं उत्तर तेच आहे. त्याला सगळं करू दिलं तर गोष्ट उरत नाही, आणि ही अडचण लिहिणाऱ्यांना पहिल्यापासून आलेली आहे. फेब्रुवारी १९४० मध्ये लुक मासिकात सुपरमॅनचे जन्मदाते सीगल आणि शुस्टर यांनी दोन पानांची गोष्ट केली होती, त्यात सुपरमॅन हिटलर आणि स्टालिन दोघांना मानगुटीला धरून उचलतो आणि जिनिव्हात राष्ट्रसंघापुढे नेऊन उभे करतो. दोन पानांत युद्ध खलास! तेव्हा अमेरिका युद्धात नव्हती म्हणून चाललं. पुढे खरीखुरी पोरं मरायला लागल्यावर हे छापणार कसं? म्हणून १९४२ मध्ये पेपरातल्या पट्टीत त्यांनी क्लार्कला सैन्यभरतीत नापास केलं. डोळ्यांच्या तपासणीत तो घाईत एक्सरे नजरेने भिंतीपलीकडच्या खोलीतला तक्ता वाचतो. मला हा प्रसंग विनोदी वाटायचा, आता वाटतं की तुझ्याच प्रश्नापुढे त्यांनी टेकलेले हात आहेत ते.

पण दुसरं अर्धं उत्तर वेगळं आहे. तू आपत्ती, गुन्हा आणि अन्याय हे तिन्ही एका पोत्यात भरतोयस. जानेवारी १९७२ चा सुपरमॅनचा २४७ वा अंक मिळाला तर वाच, एलियट मॅगिनने लिहिलाय. त्यात ग्रीन लँटर्न या दुसऱ्या हिरोचे वरिष्ठ, ते निळे बुटके गार्डियन्स, त्याच्या डोक्यात किडा सोडतात की तुझ्यामुळे पृथ्वीवरच्या लोकांची वाढ खुंटतेय. तो परत येतो तर कॅलिफोर्नियात शेतमजुरांच्या एका पोराला मुकादम मारत असतो. तो पोराला सोडवतो, मग मजूर म्हणतात आता आमची घरं, आमची मजुरी, सगळंच बघ. हा म्हणतो नाही, ते तुमचं तुम्ही उभं करायचं. तेवढ्यात भूकंप होतो आणि पठ्ठ्या एका क्षणाचाही विचार न करता त्यांची घरं परत उभी करून देतो! माझ्या मते सीमा तिथे आहे. भूकंपाशी बोलणी करता येत नाहीत, मुकादमाशी करता येतात आणि ती मजुरांनी करायची.

चिंचगूळ
मिरजमेल, वाचला नव्हता, भारी आहे. पण पटलं नाही. मुकादमाशी बोलणी करणारा मजूर मार खातो त्याचं काय? "तुमचं तुम्ही उभं करा" हे उडता येणाऱ्याने म्हणणं मला जरा माजोरडंच वाटतं.

अर्धाकप
चिंचगूळना +१. आणि सुपरमॅन पहिल्यापासून असा सोवळा नव्हता. १९३९ च्या एका अंकात तो अख्खी झोपडपट्टी पाडतो, का तर सरकारला तिथे नवीन घरं बांधावीच लागतील म्हणून. म्हणजे बुलडोझरच, फक्त लाल चड्डीतला. आज वाचताना अंगावर काटा येतो पण त्या काळच्या वाचकांना तो आपला माणूस वाटला असणार.

रात्रपाळी
मी कॉमिकवाली नाही, कॉमिकवाला माझा मुलगा आहे. मी कॅज्युअल्टीत सिस्टर आहे, १९ वर्षं झाली. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

चिंचगूळ, तुम्ही म्हणताय त्याला ऐकू येतं म्हणून त्याच्यावर जबाबदारी. आम्हाला पहिल्या महिन्यात काय शिकवलं सांगू का, मोठा अपघात आला की ओरडणाऱ्याकडे आधी धावायचं नाही, गप्प पडलाय त्याला आधी बघायचं. ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे. मग तुमचा हा सुपरमॅन किंकाळी आली की त्या दिशेला सुटतो, तो चुकीच्याच माणसाकडे जात असणार की निम्म्या वेळा! गॅसने गुदमरलेला, पाण्याखाली गेलेला माणूस ओरडत नाही हो. आणि लाल पिवळा हिरवा काळा असे टॅग असतात, काळा म्हणजे याच्यावर वेळ घालवायचा नाही. जिवंत माणसाला काळा टॅग लावायची वेळ येते कधी कधी. ती सीमा आम्ही स्वतःच्या मनाने आखत नाही, ठरलेली पद्धत असते, वर कोणीतरी असतं, उद्या विचारणारं असतं. त्याला कोण विचारणार?

ऑफिसात बसण्याचं म्हणाल तर सुरुवातीला मी ड्युटी संपली तरी थांबायची. लहान घरातून आलेली, घरी जाऊन जेवायचीसुद्धा लाज वाटायची. एका सिनियर सिस्टरनी एकदा दंडाला धरून बाहेर काढलं, म्हणाल्या घरी जा, उद्या लागणार आहेस तू. घरी अजूनही सायरन वाजला की हात थांबतो पोळी लाटताना. पण मी लाटते.

मुलाने यावर मला एक गोष्ट दाखवली, ॲस्ट्रो सिटी नावाच्या मालिकेचा पहिलाच अंक, १९९५ चा. त्यातला समॅरिटन दिवसभर एका संकटातून दुसऱ्या संकटाकडे उडत असतो आणि दिवसभरात हवेत किती सेकंद मिळाले ते मोजतो. स्वप्नात मात्र नुसता उडतो, कुठेही न जाता. मी ते पान बघून रडले, मुलगा घाबरला.

टिवल्याबावल्या
सिस्टर, दंडवत. माझा पहिला प्रतिसाद उडवता आला तर उडवा रे कोणीतरी.

मिरजमेल
रात्रपाळी, "त्याला कोण विचारणार" याच एका वाक्यावर मार्व्हल या कॉमिक्स कंपनीने १९८५ मध्ये १२ अंकांची मालिका केलीय, स्क्वाड्रन सुप्रीम. हे हिरो ठरवतात की एका वर्षात गुन्हे, युद्ध, उपासमार सगळं संपवायचं. बंदुका गोळा करतात, गुन्हेगारांचा स्वभाव बदलणारं यंत्र आणतात. हेतू एकदम शुद्ध. आणि मग त्यांच्यातलाच एक, गोल्डन आर्चर, ते यंत्र स्वतःच्या मैत्रिणीवर वापरतो, का तर ती याला सोडून चाललेली असते. यंत्र चोरांसाठी होतं ना? पण एकदा घरात आलं की हात जातोच. त्यांच्यातलाच नाईटहॉक आधीच राजीनामा देऊन बाहेर पडलेला असतो आणि शेवटी त्यांच्याशी लढतो. फार लोकांनी वाचलेली नाही ही मालिका, वाईट वाटतं.

गुन्हा होण्याआधीच पकडायचं म्हटलं तर अजून वाईट. २०१६ च्या सिव्हिल वॉर टू मध्ये एकाला भविष्य दिसतं आणि कॅप्टन मार्व्हल, म्हणजे कॅरल डॅनव्हर्स, त्या भाकितावर लोकांना उचलायला लागते. एका बाईला डांबतात, पुरावा काहीच सापडत नाही, तरी सोडत नाहीत. आयर्न मॅन, म्हणजे टोनी स्टार्क, असं भाकितावर वागण्याच्याच विरोधात उभा राहतो. भूकंपाला आधी उचललं तर भूकंपावर अन्याय होत नाही, माझा मुद्दा एवढाच आहे.

अर्धाकप
बॅटमॅनचं कोणी काढलं नाही अजून? जोकरला मारत नाही आणि तो दर वेळी सुटून माणसं मारतो, हे चिंचगूळच्या खात्यावाल्या हिशोबात सगळ्यात मोठं खातं आहे. पण यात आपणही आहोत. १९८८ मध्ये बॅटमॅनचा पोरसवदा साथीदार, दुसरा रॉबिन, जेसन टॉड, जगवायचा की मारायचा यावर बॅटमॅन छापणाऱ्या डीसीने फोनवर मतदान घेतलं होतं. मारा म्हणणारे ५३४३, जगवा म्हणणारे ५२७१. ७२ मतांनी पोरगं गेलं! पैसे भरून फोन केलेत लोकांनी. जोकरच्या हातात पहार होती पण फोन आपल्या हातात होता.

गोदातीर
उशिरा आलो. अमेरिकन कॉमिक्समधलं मला फारसं कळत नाही पण प्रश्न ओळखीचा आहे, उत्तंक ऋषींनी विचारलेला.

आश्वमेधिक पर्वात येतं. युद्ध संपवून कृष्ण द्वारकेला परत चाललाय, वाटेत मरुभूमीत उत्तंक भेटतो. त्याला काही माहीतच नाही, विचारतो काय, कौरव पांडवांचं जुळवून दिलंस ना? कृष्ण सांगतो सगळे मेले. उत्तंक भडकतो, म्हणतो तुझ्यात थांबवायची ताकद होती आणि तू थांबवलं नाहीस, मी तुला शाप देतो. हाच धागा आहे की नाही? कृष्ण म्हणतो मी ज्या योनीत जन्म घेतो त्या योनीसारखा वागतो. माणूस म्हणून आलो तेव्हा माणसासारखी विनवणी केली, भीतीही दाखवली, त्यांनी ऐकलं नाही.

आणि वनपर्वात द्यूताबद्दल तो वेगळंच सांगतो, की मी शाल्वाशी लढत होतो, इथे असतो तर जुगार होऊच दिला नसता. म्हणजे एकदा "मी तिथे नव्हतो" आणि एकदा "मी माणसासारखा वागलो". मला पहिलं कारण जास्त आवडतं, दुसरं ऐकून उत्तंकाच्या जागी मीही शापाला पाणी हातात घेतलं असतं.

चिंचगूळ
गोदातीर, हे शाळेत का नाही शिकवलं कोणी. "माणसासारखा वागतो" म्हटलं की क्लार्क केंटचं ऑफिस आलंच की त्यात.

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. खात्याचा हिशोब मी मागे घेतो, ऑफिसपुरता. गप्प पडलेल्याला आधी बघायचं हे डोक्यातून जात नाहीये, कारण पिक्चरमध्ये नेमकं तेच होतं, लोईस मातीखाली गप्प झाली आणि हा धरणाकडे होता. पण काळ फिरवण्याचा माझा मुद्दा तसाच आहे. ड्युटी संपवून घरी जाणं वेगळं आणि फक्त आपल्या माणसासाठी ड्युटी परत सुरू करणं वेगळं.

टिवल्याबावल्या
आता माझाही एक सिरियस प्रश्न. काळ मागे नेला, लोईसला वाचवली, तिच्याशी गप्पा मारत उभा राहिला. मग मागे गेलेल्या काळात रुळाच्या तुटलेल्या जागी कोण आडवं झालेलं होतं?

मिरजमेल
...

चिंचगूळ
आज रात्री परत बघतो.