मदत हवी आहे: यीस्ट पेशींना चिकटतच नाही, सोमवारी सरांना दाखवायचंय

ओली_स्लाइड: एमएस्सी सूक्ष्मजीवशास्त्र, शेवटचं सत्र. प्रकल्प: त्वचेच्या यीस्ट संसर्गात पृष्ठप्रथिनांची भूमिका. हाकॅट पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या त्वचापेशी) यीस्ट टाकलं, ९० मिनिटं ठेवलं, पीबीएसने (मिठाच्या द्रावणाने) तीनदा धुतलं, प्लेटवर पसरलं. तिन्ही वेळा चार-पाच वसाहती. अल्स३ या चिकटवणाऱ्या पृष्ठप्रथिनाच्या जनुकाचा पीसीआर केला (प्रायमर म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे लावून ते जनुक वाढवून पाहिलं), बँड नाही, म्हणजे जनुक दिसलं नाही. प्रायमर नवा मागवू का? पेशींचा एकच फ्लास्क उरलाय. प्लीज लवकर सांगा.

खोली१२: यीस्ट कुठलं? आलं कुठून? कशावर, किती तापमानाला वाढवलंस? हे न सांगता प्रायमरवर खापर कशाला?

जंतूमित्र: तापमानाचाच घोळ असणार. अल्स३ आणि एचडब्ल्यूपी१ ही प्रथिनं कँडिडा अल्बिकन्स हे यीस्ट तंतू काढायला लागतं तेव्हा भिंतीवर येतात. गोल यीस्ट टाकून काय चिकटणार? सीरममध्ये ३७ अंशांना दोन-तीन तास ठेव, अंकुरनलिका (तंतूची सुरुवातीची नळी) दिसली की मग टाक. अल्स३ आपल्या पेशींना एकमेकींशी जोडणारं ई-कॅडहेरिन प्रथिन पकडतं. एचडब्ल्यूपी१ ची तऱ्हा आणखी वेगळी, आपलंच ट्रान्सग्लुटामिनेज एन्झाइम त्याला घरचं प्रथिन समजून पेशीला पक्कं शिवून टाकतं. १९९९ मध्ये तोंडाच्या आतल्या पेशींवर हे दाखवलं गेलं. मी एमएस्सीला वाचलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

पेशीवाली: पेशी सोडवायला ट्रिप्सिन वापरलंस का? ट्रिप्सिन पृष्ठप्रथिनं कापतं. त्याऐवजी ट्रायटनने (साबणासारख्या द्रव्याने) पेशी फोड.

जंतूमित्र: ट्रिप्सिन शेवटी घालतात हो, चिकटण्याचं काम तोवर आटोपलेलं असतं. त्याने वसाहती कशा घटतील?

पेशीवाली: आदल्या दिवशी पेशी उचलून वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यांत) लावतानाही ट्रिप्सिनच असतं. पेशींना सावरायला पुरेसा वेळ दिला नाही तर त्यांचं कॅडहेरिन गेलेलं असतं. मी स्वतः हे भोगलंय, उगाच बोलत नाही.

ओली_स्लाइड: ३७ लाच वाढवलं, सॅबुरो अगारवर (बुरशी वाढवायचं माध्यम). दीड दिवसात मलईसारख्या वसाहती आल्या. पेशी दोन दिवस आधी लावल्या होत्या. नमुना शिब्यांचा, पाठीवरून खरवडलेला. केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घालून केलेल्या स्लाइडवर आखूड तंतू आणि गोल पेशींचे घोस स्वच्छ दिसले, म्हणजे शिबे आणणारं यीस्ट मॅलॅसेझियाच. आता प्रायमरचं कुणीतरी सांगा.

कराडची_मावशी: शिब्यांचं वाचून आले. माझ्या भाच्याला दर पावसाळ्यात मानेवर येतात. आम्ही कडुलिंबाच्या पाल्याने आंघोळ घालतो. औषध लावूनही पांढरे डाग तसेच आहेत. तुमच्या प्रयोगातून काही कळलं तर सांगा बाळा.

खोली१२: एक मिनिट. अगारवर तेल घातलं होतंस?

ओली_स्लाइड: नाही. का?

खोली१२: मग प्लेटवर मॅलॅसेझिया नाहीच. त्याला स्वतःची मेदाम्लं बनवता येत नाहीत. २००७ मध्ये मॅलॅसेझिया ग्लोबोसाचा जीनोम वाचला तेव्हा मेदाम्ल बनवणाऱ्या एन्झाइमचं जनुकच त्यात सापडलं नाही. म्हणून तर तो पाठ, छाती, टाळू अशा तेलकट जागी राहतो. साध्या सॅबुरोवर वाढणारी मॅलॅसेझियाची जात एकटा पॅकिडर्मॅटिस, आणि तो मुख्यतः कुत्र्यांच्या कानातला. तुझी स्लाइड खरी आहे, रोग शिब्यांचाच. पण प्लेटवर त्वचेवरचं दुसरंच कुणीतरी भराभर वाढलं. माझा अंदाज कँडिडा पॅराप्सिलोसिस.

पीसीआर डीएनएवर केलास की सीडीएनएवर (आरएनएवरून बनवलेल्या डीएनएवर)? आणि अल्बिकन्समध्ये बँड येतो का?

ओली_स्लाइड: डीएनएवर. अल्बिकन्समध्ये येतो, छान येतो. तो चिकटतोही भरपूर.

खोली१२: हे पहिल्याच प्रतिसादात हवं होतं! प्रायमर उत्तम आहे. तंतू असोत-नसोत, जनुक डीएनएत दिसायलाच हवं. म्हणजे जंतूमित्र म्हणतात ते अल्बिकन्सपुरतं बरोबर, पण तुझा बँड का नाही याचं ते उत्तर नव्हे. पॅराप्सिलोसिसला अल्स घराण्यातली स्वतःची जनुकं आहेत, अल्बिकन्सचा प्रायमर त्यांना लागेलच असं नाही. मॅलॅसेझिया तर ज्वारीवरच्या काणी बुरशीच्या गोतातला, त्याच्यात अल्स३ शोधूच नकोस.

कातडीचा_डॉक्टर: मावशी, बुरशी मेल्यावरही रंग परतायला काही महिने लागतात. पांढरा डाग राहिला म्हणजे औषध लागू पडलं नाही असं नव्हे. खाज नाही, कोंड्यासारखं सुटत नाही, तर थांबा. फक्त दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणू नका, ही विनंती.

ओली_स्लाइड, मॅलॅसेझिया मेलेल्या थरावर आणि केसांच्या मुळाशी राहतो. जिवंत हाकॅटवर तो चिकटला काय, न चिकटला काय, रुग्णाच्या पाठीवर काय घडतं ते त्यातून पूर्ण कळणार नाही. पारदर्शक चिकटपट्टीने मृत पेशी उचलून त्यावर कर.

जंतूमित्र: चिकटण्याचाच विषय असेल तर कँडिडा ऑरिस घे ना. २००९ मध्ये जपानमध्ये कानातून वेगळा केला गेला, त्वचेवर महिनोन्‌महिने ठाण मांडतो. त्याचं एससीएफ१ प्रथिन धन विद्युतभाराच्या जोरावर चिकटतं.

खोली१२: एमएस्सीच्या पोरीला औषधांना दाद न देणारा ऑरिस हाताळायला सांगू नका. उगाच जोखीम.

ओली_स्लाइड: (सहा दिवसांनी) सोमवारी सरांना सगळं खरं सांगितलं. रागावले नाहीत, ओळख आधी पटवा म्हणाले. जुन्या प्लेटवरच्या यीस्टला अंकुरनलिका आली नाही, रंगीत कँडिडा अगारवर (जातीनुसार रंग देणाऱ्या माध्यमावर) फिकट गुलाबी. डीएनए क्रमवारीला पाठवलाय. त्याच रुग्णाचा नवा नमुना ऑलिव्ह तेल पसरलेल्या सॅबुरोवर ३२ अंशांना ठेवला. आज तेलाखाली बारीक, मातकट ठिपके दिसले. स्लाइडवर बाटलीसारख्या पेशी, रुंद मानेतून फुटलेला कोंब. एवढा वेळ डोळा लावून बसले की मान आखडली. पण पीबीएसमध्ये गुठळ्या होतात, मोजताच येत नाही. काय करू?

खोली१२: बाहेरचा थर मेदाचा आहे, गुठळ्या होणारच. पीबीएसमध्ये ०.१ टक्का ट्वीन ८० (साबणासारखं द्रव्य) घाल. आणि चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, ओळख पटलेला वाण मिळतो का विचार.

पेशीवाली: ट्वीनने चिकटणंही बदलेल. नंतर साध्या पीबीएसने दोनदा धू, आणि अल्बिकन्सलाही तेच ट्वीन लाव, नाहीतर तुलना कशाशी करणार?