डॉसवरचा मेनू: डॉसशेल बरा की १.बॅट, २.बॅट?

जुनी_फ्लॉपी
स्पष्टच लिहितो, ६४० केबी मेमरीच्या मशीनवर चित्रांचा मेनू म्हणजे निव्वळ चैन. एमएस-डॉस ४.० या संगणक प्रणालीबरोबर १९८८ साली डॉसशेल हा तयार मेनू आला, १९९१ च्या ५.० मध्ये सुधारला आणि ६.२ पासून त्याची रवानगी पूरक डिस्केटवर झाली. उगाच नाही. मेनू.टीएक्सटी नावाच्या फाइलमध्ये '१ वर्डस्टार, २ लोटस, ३ फॉक्सबेस' लिहा. मग १.बॅट, २.बॅट, ३.बॅट या बॅच फाइली (आतल्या कमांड ओळीने चालवणाऱ्या) करा. प्रत्येकीत सीडी कमांडने डिरेक्टरी बदला, प्रोग्रॅम चालवा, सीडी \ करून टाइप कमांडने मेनू.टीएक्सटी पुन्हा पडद्यावर दाखवा. आकडा दाबा, एंटर मारा, झालं काम.

उंदीरमामा
साफ असहमत. या बॅट फाइली असलेली डिरेक्टरी पाथमध्ये (डॉस जिथे प्रोग्रॅम शोधतो त्या यादीत) नसेल आणि प्रोग्रॅम भलत्याच डिरेक्टरीत सोडून गेला, की २ दाबल्यावर 'बॅड कमांड ऑर फाइल नेम'. टायपिस्टने तिथून पुढे करायचं काय?
डॉसशेलमध्ये प्रत्येक आयटमची सुरुवातीची डिरेक्टरी एकदाच भरायची. कमांडच्या रकान्यात %१ टाकलं, तर तो आधी चौकट उघडून फाइलचं नाव विचारतो. हीच सोय तुमच्या बॅट फाइलमध्ये करून दाखवा! चित्रं नको असतील तर डॉसशेल /टी लिहा, टेक्स्ट मोडमध्येच उघडेल.

जुनी_फ्लॉपी
पाथचा मुद्दा मान्य, पण ती मशीन सुरू होताना चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमधली एक ओळ आहे. डॉसशेलच्या टास्क स्वॅपरचं, म्हणजे एका प्रोग्रॅमवरून दुसऱ्यावर जाण्याच्या सोयीचं काय? लोक त्याला मल्टिटास्किंग समजले. कंट्रोल+एस्केपने बाहेर आलात, की मागचा प्रोग्रॅम डिस्कवर जातो आणि जागीच थिजतो. मोडेमवरून फाइल येत असेल तर ती तुटली. त्या अवस्थेत कुणी डिस्क दुरुस्त करणारं सीएचकेडीएसके /एफ चालवलं, तर उघड्या फाइली त्याला हरवलेले क्लस्टर (डिस्कचे बेवारस तुकडे) वाटतात. 'दुरुस्ती'च्या नादात चांगला डेटा जातो. फॉक्सबेस या डेटाबेस प्रोग्रॅमची इंडेक्स उघडी ठेवून मशीन बंद करणारे तर गल्लोगल्ली.

उंदीरमामा
मग स्वॅपर बंद ठेवा, ऑप्शन्स मेनूतली एक खूण काढायची आहे. त्यासाठी अख्खा मेनू कशाला टाकून देता? स्वॅपर नसला तर प्रोग्रॅम चालू करताना डॉसशेलचा मोठा भाग मेमरीतून निघून जातो, मागे उरतो तो छोटासा तुकडा. मात्र माऊसचा ड्रायव्हर आणि बाकीचे मेमरीत बसून राहणारे प्रोग्रॅम ऑटोएक्झेकमध्ये आधी, डॉसशेलची ओळ सगळ्यांत शेवटी. ते डॉसशेलच्या आतून चालवले तर बाहेर पडताना मेमरीच्या मधोमध अडकून बसतात आणि मोठ्या प्रोग्रॅमला सलग जागा मिळत नाही.

सी_कोलन
दोघंही मधली वाट विसरताय राव. त्या काळचे बरेच मेनू प्रोग्रॅम असंच करायचे: निवड झाली की गो.बॅट लिहायची आणि स्वतः पूर्ण बंद व्हायचं. बाहेरच्या बॅच फाइलमध्ये तीनच कामं, मेनू चालव, कॉल गो.बॅट (ती चालवून परत ये), गोटू करून पुन्हा वर. चौकटी, रंग, बाणाच्या कळा, सगळं मिळतं आणि प्रोग्रॅम चालताना मेनू मेमरीत नसतो. कॉल डॉस ३.३ पासून आहे; त्याआधी कमांड /सी, पण त्यात कमांड.कॉमची दुसरी प्रत जागा खाते.
आणि डॉस ६.० मधली, दाबलेली कळ ओळखणारी चॉइस कमांड वापरून बॅच मेनू करणाऱ्यांनो, इफ एररलेव्हलच्या (कळीचा क्रमांक तपासणाऱ्या) ओळी मोठ्या आकड्यापासून खाली उतरवा. 'इफ एररलेव्हल १' म्हणजे १ किंवा जास्त. ती ओळ वर ठेवली तर ३ दाबूनही वर्डस्टारच उघडणार.

उंदीरमामा
आणि कंट्रोल+सी दाबलं की 'टर्मिनेट बॅच जॉब'. वाय दाबलं की प्रॉम्प्टवर. तुमची मधली वाटही तिथंच संपते.

सी_कोलन
डॉसशेलमध्ये एफ३ दाबा, तोही प्रॉम्प्टवरच सोडतो. पासवर्ड लावला असला तरी.

काना_मात्रा
एक वेगळी अडचण. पुण्याच्या सी-डॅकचं, भारतीय लिप्या दाखवणारं जिस्ट कार्ड लावून डॉसवर मराठी चालवायची, तर इस्कीची (भारतीय लिप्यांच्या कोडपद्धतीची) अक्षरं १६१ च्या पुढच्या कोडांत बसतात. मेनूच्या टेक्स्ट चौकटींच्या रेघा १७९ ते २१८ मध्ये. म्हणजे जागा तीच! अशा मशीनवर उणे, अधिक आणि उभ्या दांडीच्या साध्या खुणांनी आखलेला मेनूच निर्धोक. या एका बाबतीत जुनी_फ्लॉपी यांना माझं मत.