वायूंचे पसरणे आणि निसटणे : किनारपट्टीवरचे अनुभव

हलक्या रेणूंचा वायू जड रेणूंच्या वायूपेक्षा लवकर पसरतो, हे थॉमस ग्रॅहॅम यांनी १८३०च्या दशकात दाखवून दिले. प्रत्यक्षात मात्र वारा, दमटपणा आणि भिंती यांचाही त्यावर अंमल चालतो. कोकणातील वाचकांनी आपले अनुभव जागेच्या तपशिलासह लिहावेत, ही विनंती.

रत्नागिरी : बंदरालगतच्या एका बर्फाच्या कारखान्यात मी नोकरी केली. तेथे शीतकरणासाठी अमोनिया वापरतात आणि तो झडपेतून किंचित निसटला, तरी पार दुसऱ्या टोकाच्या माणसाचे डोळे चुरचुरतात. अमोनिया हवेपेक्षा हलका (रेणुभार १७, हवेचा सरासरी २९), म्हणून तो वर निघून जाईल असे वाटते. पण द्रवरूप अमोनिया गळला आणि हवा पावसाळी असली, की त्याचे थंड, पांढरे धुके जमिनीलगतच रेंगाळते. तो पाण्यात भरपूर विरघळत असल्यामुळे आम्ही नाकाला ओले फडके लावून, वारा जिकडून येत असेल तिकडे बाहेर पडत असू.

मालवण : जत्रेतला हेलियमचा फुगा दुसऱ्या दिवशी जमिनीवर येतो, तोंडाने फुगवलेला मात्र टिकतो. ग्रॅहॅमच्या नियमाने याचा अचूक हिशेब लागत नाही, कारण वायू रबरात विरघळूनही बाहेर पडतात.

देवगड : हापूसची अढी हा वायू अडवून धरण्याचाच प्रकार आहे. फळातून निघणाऱ्या आणि फळ पिकवणाऱ्या इथिलीन वायूचा रेणुभार २८, म्हणजे जवळजवळ हवेइतकाच. त्यामुळे तो ना खाली साचतो ना वर जातो, पेंढ्यातून सगळीकडे पोचतो. खोलीत वारा खेळता असला, तर आंबे मागेपुढे पिकतात.

गुहागर : आमच्या जुन्या घराच्या स्वयंपाकघराला उंच उंबरा आहे आणि झरोके छताजवळ आहेत. चुलीच्या धुरासाठी ही रचना उत्तम होती; सिलिंडरच्या गॅससाठी ती घातक आहे, कारण त्यातील प्रोपेन (४४) आणि ब्युटेन (५८) दोन्ही हवेपेक्षा जड असल्याने गळलेला गॅस उंबऱ्याआड साचतो. आम्ही मागच्या दाराशी, जमिनीलगत जाळी बसवून घेतली.

दापोली : गुहागरकरांनी लिहिले तेच विहिरीलाही लागू आहे. गाळ उपसण्यापूर्वी आमच्याकडे कंदील खाली सोडतात. कार्बन डायऑक्साइड साचून प्राणवायू कमी झाला असल्यास तो विझतो. तो विझला नाही म्हणजे उतरायला हरकत नाही, हे मात्र मला मान्य नाही. कुजलेल्या गाळातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड अगदी थोड्या प्रमाणातही माणसाचा जीव घेऊ शकतो, आणि तेवढ्याने कंदील विझत नाही.