खिडकीची फळी: भिंत चिऱ्याची (जांभ्या दगडाची) असेल तर
मांजराला बसायला आणि कुंडी ठेवायला खिडकीत फळी लावायची तर एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) आणि दोन एल-ब्रॅकेट पुरेत असं काहीजण सुचवतात, ते गोव्यात नकोच. कुंडीखालचं पाणी शोषून एमडीएफ फुगतो. आयएस ७१० मार्कचं (हे त्याचं भारतीय मानक) मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारं प्लायवूड घ्या, कापलेल्या कडाही सील करा.

पण खरी अडचण भिंतीची. जुन्या घरांत चिरा असतो, सच्छिद्र. स्क्रू धरायला भिंतीत बसवतात तो साधा प्लग त्यात ढिला होतो. फळी जितकी पुढे काढाल तितका वरच्या स्क्रूवर ताण, आणि मांजर उडी मारणार ती नेमकी पुढच्या कडेवर! आमच्या म्हापशाच्या घरी सुताराने ब्रॅकेटऐवजी पुढून जमिनीपर्यंत दोन पाय दिले, मागची बाजू खिडकीच्या कट्ट्यावरच टेकवली. लिलीची कुंडी मात्र तिथे नको. तिचे परागकणसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडाला घातक असतात.