मदत हवी आहे: तिबोटी खंड्याच्या बिळाचं काय करू?

नमस्कार मंडळी. मी माणगाव तालुक्यातला. आमच्या आंब्याच्या बागेला लागून एक वहाळ (छोटा ओढा) आहे. मे संपत आलाय, वहाळात डबक्यापुरतंच पाणी उरलंय. परवा सकाळी नवरंग पक्ष्याची दोन सुरांची शीळ कानावर आली म्हणून त्याला शोधत गेलो, तर समोर करवंदीच्या जाळीत तिबोटी खंड्या! चिमणीएवढा जीव, पोवळ्यासारखी लाल चोच, पिवळं पोट, पाठीवर जांभळी झाक. पाचएक मिनिटं मान वरखाली करत बसला होता. आपल्या रायगडचा जिल्हा पक्षी इतक्या जवळून मी पहिल्यांदाच पाहिला.

काळजी वेगळीच आहे. तिथेच वहाळाच्या काठच्या दरडीत मातीत एक बीळ आहे, मुठीएवढं तोंड, खाली ताजी माती सांडलेली. आणि पावसाआधी गाळ काढायला पुढच्या आठवड्यात तिथे जेसीबी येणार आहे. गाळ काढायलाच हवा, नाहीतर पाणी बागेत शिरतं. पण ती दरड वाचवायची आहे.

बीळ त्याचंच आहे हे आत काठी न घालता, लांबून कसं ओळखायचं? किती अंतर सोडून काम केलं तर जोडी बीळ सोडणार नाही? वनखात्याकडे तोंडी सांगून भागेल की लेखी अर्ज द्यावा? जवळपासच्या कुणी जाणकाराने येऊन बघितलं तर फारच बरं होईल. फोटो मुद्दाम टाकत नाही, जागा कळली तर कॅमेरेवाल्यांची गर्दी होईल.